शाकारणी : घर राखण्याच्या इतिहासाविषयी

महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' वर्गात शिकवताना एक अनुभव हमखास येतो. 'चिरेबंदी' म्हणजे काय, असे विचारले तर मुले 'भक्कम', 'अभेद्य' अशी उत्तरे देतात. चिरा म्हणजे घडीव दगड आणि घडीव दगडांनी बांधलेले ते चिरेबंदी, ही साधी गोष्ट क्वचितच कुणाला ठाऊक असते. शब्दाचा लाक्षणिक अर्थ शिल्लक राहिला आणि त्यामागची वस्तू मात्र निसटून गेली. याला विद्यार्थ्यांचा दोष म्हणता येणार नाही. आपली समीक्षाही बहुधा असेच करते. वाडा ढासळला की मूल्ये ढासळली, चाळ खिळखिळी झाली की मध्यमवर्ग खिळखिळा झाला, अशी समीकरणे आपण इतक्या सवयीने मांडतो की मुळात भिंत का पडते, हा प्रश्न आपल्याला साहित्यबाह्य वाटू लागतो. प्रस्तुत लेखात तोच साहित्यबाह्य प्रश्न विचारण्याचा विचार आहे. मराठी मुलखातले घर दर वर्षी उभे कसे राहत होते, त्यासाठी कोण राबत होते, आणि ते राबणे केव्हा व कशामुळे थांबले?

यासाठी 'शाकारणी' या शब्दापासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते. पावसाळ्यापूर्वी छप्पर नव्याने आच्छादणे, गवताचे असेल तर जुने गवत काढून नवे घालणे, कौलांचे असेल तर सगळी कौले उतरवून, फुटकी बाजूला काढून पुन्हा रचणे, या सगळ्याला मिळून शाकारणी म्हणत. हा शब्द आज कोकणातदेखील फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरला आहे. त्याच्या जागी आपण 'रिपेअरिंग' म्हणतो, पण दोन्हींत मोठा फरक आहे. रिपेअरिंग म्हणजे मोडलेले दुरुस्त करणे. शाकारणीला काही मोडावे लागत नसे. ती पेरणीसारखी, उन्हाळी वाळवणासारखी पंचांगाने ठरलेली होती. वैशाखात ती करायचीच. म्हणजे घर ही एकदा बांधून संपलेली वस्तू आहे, अशी कल्पनाच त्या व्यवहारात नव्हती.

कोकणातले छप्पर पाहू. सर्वांत खाली गवताचे किंवा पेंढ्याचे केंबळी घर, त्याच्या भिंती बहुधा कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या. त्याच्या वर, म्हणजे ऐपतीच्या उतरंडीत वर, नळ्यांची कौले. ही कौले कुंभार चाकावर घडवी. त्यांचा आकार अर्धगोल, वजन हलके आणि दोन कौले कधी एकसारखी नसत. ती एकमेकांत अडकत नसत, नुसती एकमेकांवर टेकलेली असत. वाऱ्याने सरकत, वानरांच्या उड्यांनी फुटत, आणि म्हणून दर वर्षी 'चाळावी' लागत. हे काम कौशल्याचे होते. वाशांवर पाय कुठे द्यायचा हे ठाऊक नसलेला माणूस शाकारायला चढला तर जितकी कौले बसवी त्याहून अधिक फोडी.

या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो मंगळूरहून. १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन धर्मप्रसारकाने मंगळूरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. धर्मांतरामुळे जातीच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या माणसांना रोजगार द्यावा, हा त्यामागचा एक हेतू होता. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती, यंत्राचा दाब आणि भट्टी यांतून निघालेले ते सपाट, खाचांचे, लाल कौल एकमेकांत घट्ट अडकत असे. काही दशकांत ते पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचले. आज आपण ज्याला 'कोकणातले पारंपरिक कौलारू घर' म्हणतो आणि दिनदर्शिकांवर छापतो, त्याचे ते लालभडक छप्पर बहुतेक वेळा एका जर्मन मिशनच्या उद्योगाचे अपत्य असते. (आपली परंपरा किती जुनी, हे ठरवताना कौल उलटे करून त्यावरचा कारखान्याचा शिक्का वाचावा, असे मला अनेकदा वाटते.)

मंगलोरी कौल आले आणि शाकारणी कमी झाली. पूर्ण थांबली नाही, पण दर वर्षी संपूर्ण छप्पर उतरवण्याची गरज राहिली नाही. यात घरमालकाचा फायदा उघड होता. गावातल्या कुंभाराचे मात्र एक ठरलेले काम गेले, आणि शाकारणाऱ्याचेही. घर राखण्याचा खर्च त्या गावात फिरायचा थांबून दूरच्या कारखान्याकडे जाऊ लागला.

पण कौलांचा हा इतिहास नुसता ऐपतीचा आणि तंत्राचा नाही. डॉ. आंबेडकरांनी गावाच्या अलिखित संहितेत अस्पृश्यांनी पाळावयाच्या नियमांची जी यादी दिली आहे, तीत स्वच्छ कपडे न घालणे, सोन्याचे दागिने न घालणे यांच्याबरोबरच कौलारू घर न बांधणे हाही नियम येतो. हे वाक्य वाचल्यावर शाकारणीचे चित्र एकदम बदलते. ज्याचे छप्पर दर पावसाळ्यात गळते त्याला ते गळतेच ठेवण्याची सक्ती असेल, तर तेथे डागडुजीची परंपरा, वैशाखातले सामूहिक श्रम वगैरे शब्द निरर्थक ठरतात. दलित आत्मकथनांतल्या गळक्या छपरांकडे आपण दारिद्र्याचा तपशील म्हणून पाहतो. तो निव्वळ दारिद्र्याचा तपशील नव्हता. 'उपरा'मधल्या कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड तर गाढवाच्या पाठीवर असते. तेथे घर राखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण गाव मुक्काम किती दिवस करू देणार हेच ठरलेले नसते.

आता जमिनीकडे वळू. सारवण या विषयावर मराठीत भावुक लेखन पुष्कळ झाले आहे. ओल्या शेणाचा वास, आजीच्या बोटांनी उमटलेल्या कमानी वगैरे. मी स्वतः अशा घरात वाढलो आहे, त्यामुळे तो वास मलाही आठवतो. परंतु माझ्या आजीला त्या वासापेक्षा गुडघे आठवत. घराची सर्व जमीन आठवड्यातून निदान एकदा, सणावाराला अधिक, चूल आणि देवघर तर रोज. पावसाळा संपल्यावर अंगण खणून, माती भिजवून, चोपण्यांनी बडवून नवे करायचे, त्यात कोळशाची पूड घालून ते काळेभोर दिसेल असे पाहायचे, आणि हे सगळे दिवाळीच्या आत. मातीची जमीन चालण्याने झिजते, पोपडे धरते, धूळ होते. सारवण म्हणजे ती झीज रोजच्या रोज भरून काढणे. शाकारणीला निदान मजुरी द्यावी लागे, तिची नोंद जमाखर्चात होई. सारवणाची नोंद कोणत्याच वहीत सापडायची नाही. घराच्या इतिहासाची साधने म्हणून आपण दप्तरे, नकाशे, खरेदीखते पाहतो, पण घर टिकवण्याच्या श्रमाचा अर्धा भाग त्यांच्या बाहेरच राहतो. तो शोधायचा तर जात्यावरच्या ओव्यांकडे आणि स्त्रियांच्या आत्मचरित्रांकडे जावे लागते.

म्हणूनच शहाबादी फरशी घरात आली तेव्हा बायकांनी तिचे स्वागत केले, याचे आश्चर्य वाटू नये. 'फरशीने घराचा जिव्हाळा गेला' अशी तक्रार छापील मराठीत ज्यांनी केली, त्यांतल्या किती जणांनी कधी पोतेरे हातात धरले असेल?

देशावर, विशेषतः मराठवाडा आणि सोलापूरकडे, छप्पर निराळे. तेथे पाऊस कमी आणि ऊन कडक, त्यामुळे उतरते छप्पर न करता माळवद करीत. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, वर काड्यापाल्याचा थर आणि मग माती. ही माती साधी नसे, गावठाणाची पांढरी. शतकानुशतके माणसांच्या राहण्याने, राखेने, पडलेल्या भिंतींनी तयार झालेली ती माती पाणी सहजी झिरपू देत नाही, असा अनुभव होता. जुने गाव उकरून नव्या घरावर घालायचे, असा तो व्यवहार. उन्हाळ्यात पाटीभर पांढरी माळवदावर टाकून चोपली की पावसाळ्याची चिंता मिटे. उन्हाळ्यात घर थंड, रात्री झोपायला वर मोकळी जागा, वाळवणाला अंगण. हवामानाशी जुळवून घेणाऱ्या वास्तुकलेचे उदाहरण म्हणून माळवदाचे कौतुक आजकाल वास्तुरचनेच्या महाविद्यालयांत होते, आणि ते खोटे नाही.

परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासचा लातूर-उस्मानाबादचा (आताच्या धाराशिवचा) परिसर हादरला. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन झाले होते आणि माणसे घरांत गाढ झोपलेली होती. सुमारे आठ हजार माणसे मेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या घरातली. या तीव्रतेच्या मानाने मृत्यू फार झाले, आणि त्याचे कारण घरांत होते. चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवद. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना काही माळवदांवरील मातीचा थर दोन-अडीच फुटांपर्यंत गेलेला आढळला. मूळ घर बांधताना कुणी इतकी माती टाकलेली नव्हती. दर उन्हाळ्यात एकेक पाटी करीत, पिढ्यान् पिढ्या, गळती थांबावी म्हणून ती साठत गेली होती. जिथे छपराचा भार भिंतींऐवजी लाकडी खांबांनी पेललेला होता तेथील काही सांगाडे भिंती पडूनही उभे राहिले. बाकी ठिकाणी, घराची निगा राखणाऱ्याच्या हातांनी जे वर ठेवले होते तेच खाली आले.

मला हा प्रसंग घर राखण्याच्या मराठी इतिहासातला सर्वांत अवघड प्रसंग वाटतो. निष्काळजीपणाने घर पडते, हा आपला सोयीचा समज असतो. किल्लारीत काळजी घेतलेली घरे पडली. जुनी डागडुजीची पद्धत एका धोक्यासाठी, पावसासाठी, घडलेली होती. दुसरा धोका पिढ्यांच्या आठवणीतच नव्हता. नंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, एका ओळीतली घरे, काँक्रीटची छते. त्या घरांना चौक नव्हते, वाडे नव्हते, जनावरांना जागा नव्हती, याबद्दल समाजशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. दगडी भिंतीची धास्ती घेतलेली माणसे मात्र त्या काळात पत्र्याच्या शेडमध्ये झोपणे पसंत करीत होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

काँक्रीटचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच्या आगमनाकडे थोडे मागे जाऊन पाहू. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. महायुद्धानंतर कारखाने इतके निघाले की माल खपेना, आणि मग सिमेंट कसे वापरावे हे लोकांना शिकवण्यासाठी 'काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया'सारखी संस्था पुस्तिका काढू लागली. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली. १९३७ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवले. याच दशकात पुण्याच्या आर. एस. देशपांडे या अभियंत्याची मध्यमवर्गीयांसाठी घरबांधणीची पुस्तके इंग्रजीतून प्रसिद्ध होत होती. १९३१ चे 'रेसिडेन्शियल बिल्डिंग्ज सूटेड टु इंडिया' आणि १९३९ चे 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' ही त्यांतली दोन. साहित्याच्या इतिहासात या पुस्तकांना स्थान नाही. पण फडक्यांच्या नायक-नायिका ज्या टुमदार बंगल्यांत वावरतात, ते बंगले प्रत्यक्षात कसे असावेत याची चर्चा या पुस्तकांच्या पानांवर चालली होती. उजेड किती, वारा कुठून, संडास घराच्या आत आणावा की नाही, स्वयंपाकघर आणि माजघर यांचे काय करावे. माजघराचा दिवाणखाना होणे ही घटना मराठी कादंबरीच्या दृष्टीने लहान म्हणता येणार नाही.

सिमेंटच्या जाहिरातींतला मुख्य शब्द होता टिकाऊपणा. एकदा बांधा आणि विसरा. चुन्याची घाणी, त्यात गूळ घालून आठवडेच्या आठवडे मुरवलेला चुना, हा सगळा खटाटोप नको. घर ही बांधून संपणारी वस्तू आहे, ही कल्पना मराठी मनात येथून रुजली असावी, असा माझा तर्क आहे. ती खरी नव्हती, हे कळायला दोन पिढ्या गेल्या. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, भिजतो आणि वाळतो. काँक्रीटच्या पोटात लोखंड असते. पाणी आत शिरले की ते गंजते, गंजले की फुगते, आणि फुगले की वरचा थर फोडून बाहेर येते. कौल फुटले तर गळती कुठे आहे हे खालून दिसते. स्लॅब गळू लागला तर पाणी एका कोपऱ्यात शिरते आणि दुसऱ्याच खोलीत उतरते. मग गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, त्यावर डांबराचे थर, त्यावर पत्र्याची शेड. मुंबईतल्या शेकडो इमारतींच्या गच्च्यांवर आज निळे-हिरवे पत्रे दिसतात. ज्या स्लॅबने उतरते छप्पर घालवले त्याच्याच डोक्यावर उतरते छप्पर परत बसलेले आहे.

याच काळात कायद्याने आणखी एक गोष्ट घडली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्ध, फाळणी, शहरात लोटणारी माणसे, हे पाहता त्यामागचा हेतू योग्यच होता. या कायद्यामुळेच गिरण्यांतला आणि कचेऱ्यांतला माणूस शहराच्या मध्यभागी राहू शकला. पण भाडे १९४० चे आणि वाळू-सिमेंट-गवंडी चालू बाजाराचे, असा मेळ बसल्यावर मालकाने दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरूला वाटे, भिंत आपली नाही. मालकाला वाटे, भिंत आपली असून नसल्यासारखी आहे. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्तीसाठी उपकर बसवला आणि मंडळ नेमले. तेव्हा मुंबई बेटावरच्या १९,६४२ इमारती त्याखाली आल्या. चाळींना टेकू लागले. लाकडी टेकूंच्या मधून जिना चढण्याची सवय दोन पिढ्यांना झाली. भाडे वर्षाला चार टक्क्यांनी वाढवण्याची मुभा मिळाली ती १९९९ च्या कायद्याने, आणि तोवर बहुतेक मालकांचे लक्ष इमारतीवरून उडून खालच्या जमिनीवर खिळले होते.

पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. विनोदाच्या ओघात आपण एक गोष्ट विसरतो की ती चाळ भाडे गोठल्यानंतरच्या दशकातली आहे. शेवटच्या 'चिंतना'त तिचा सूर एकाएकी उदास होतो, याची मीमांसा मध्यमवर्गाच्या संक्रमणाने केली जाते. ती बरोबरच आहे. पण त्या संक्रमणाला एक साधी यंत्रणा होती, आणि ती भाड्याच्या पावतीवर छापलेली होती.

पुण्याच्या वाड्यांचेही थोडेफार असेच झाले, फक्त तेथे १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर मध्ये आला. नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांच्या भिंती मातीच्या होत्या. त्या तासन् तास पाण्यात उभ्या राहिल्या आणि विरघळल्या. पुढच्या काळात सहकारी गृहरचना संस्था, मग १९६३ चा फ्लॅटचा कायदा, आणि घराची निगा ही दरमहा भरायची रक्कम झाली. 'मेंटेनन्स' हा शब्द मराठीत क्रियेसाठी वापरला जात नाही, हे कुणाच्या लक्षात आले आहे का? आपण मेंटेनन्स 'करीत' नाही, आपण मेंटेनन्स 'भरतो'.

आता पुन्हा एलकुंचवारांच्या वाड्याकडे यावे. तेथे दारात ट्रॅक्टर गंजत उभा आहे, तात्याजींच्या तेराव्याच्या खर्चासाठी वाड्याचा तुकडा विकण्याची वेळ आली आहे. पैसा मिळालाच तर तो विधीवर जाणार, भिंतीवर नव्हे. एरवी या नाटकातल्या माणसांच्या हट्टाविषयी, अंधारविषयी बोलून झाल्यावर मी हल्ली वर्गात विचारतो, की हा वाडा पूर्वी कोण सांभाळत होते? दगड रचणारा गवंडी, तुळया बसवणारा सुतार, चुना मळणारे, ओझी वाहणारे हे सगळे देशपांड्यांचे बलुतेदार, गडी आणि कुळे होती. १९५८ च्या कायद्यांनी विदर्भातली कुळे जमिनीची मालक होऊ लागली आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. वाड्याच्या भिंतीत घातलेला श्रम फुकटचा किंवा नाममात्र मोलाचा होता, तोवर वाडा चिरेबंदी होता. तो श्रम स्वतंत्र झाल्यावर त्याची किंमत देण्याची ताकद किंवा दानत त्या कुटुंबात नव्हती. म्हणजे नाटकात जी पडझड आपल्याला करुण वाटते, तिच्या एका बाजूला कुणाच्या तरी सुटकेची गोष्ट आहे, आणि ती रंगमंचाच्या बाहेर घडते.

गेल्या वर्षी हे बोलत असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने सांगितले की त्याचे आजोबा अशाच एका वाड्यावर दर वर्षी कामाला जात. मजुरी धान्यात मिळे. वाडा आता पडला आहे आणि त्याचे सागवान कुणी हॉटेलवाला घेऊन गेला. आजोबांनी स्वतःचे घर बांधले तेव्हा भिंतीला विटा घेतल्या, छपराला पत्रा, आणि जमिनीला मात्र हट्टाने शहाबादी फरशी, कारण आजीने आधी तीच अट घातली होती.